चार मिनिटं का, ते दादाला विचारा

मी नेमकं काय काम करते, हे मला आजवर घरच्यांना नीट सांगता आलेलं नाही. आमची कंपनी पाणीपुरवठ्याच्या पंपांसाठी सॉफ्टवेअर बनवते. इंजिनिअर लोक ते लिहितात. लिहिताना त्यांना जे कळतं, जिथे ठेच लागते, ते त्यांच्याकडून लिहून घ्यायचं आणि पुढच्याला सापडेल अशा जागी ठेवायचं, हे माझं काम. एकाने खाल्लेली ठेच दुसऱ्याने पुन्हा खाऊ नये, एवढाच हेतू. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात अकरा वर्षं मी मोठमोठ्या माणसांच्या मागे शाळेतल्या बाईंसारखी फिरते आहे. लिहिलं का, तर लिहितो. कधी, तर बघतो. मला सगळे आठवणबाई म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. या नोंदी जिथे ठेवतो त्याला कागदोपत्री ज्ञानसंचय असं भारदस्त नाव आहे. ऑफिसात त्याला अडगळ म्हणतात. पहिली काही वर्षं मी यावर भांडले, मग भांडणं सोडून दिलं.

या अकरा वर्षांत ज्यांनी मला एक ओळसुद्धा लिहून दिली नव्हती असे एकच गृहस्थ आहेत, आणि त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे. ते म्हणजे दादा.

दादा बावन्न वर्षांचे. अंगाने सडपातळ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. खिडकीपासून तिसरं टेबल त्यांचं. पंप चालवणारा आमचा मूळ प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेला आहे आणि तो त्यांच्या डोक्यात अजून जसाच्या तसा आहे. कोणी काही विचारायला गेलं की ते मान वर न करता चार शब्दांत उत्तर देतात, आणि ते उत्तर बरोबर असतं. लिहून द्या म्हटलं की म्हणायचे, "मी इथेच तर बसलोय. विचारा की." यावर काय बोलणार? ते कधी साइटवरही जात नसत. पंप जिथे बसवलेले असतात तिथे जाऊन बघणं, मोजणं, तिथल्या माणसांशी बोलणं, यातलं काही नाही. दादांना खुर्ची सोडवत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

साइटवर जायचा तो धाकटा. दादांचा सख्खा भाऊ, सात वर्षांनी लहान, आमच्याच ऑफिसात, दादांच्या शेजारच्याच खुर्चीवर. खरं तर मोठ्या भावाला दादा म्हणायचा तो एकटाच, पण इतक्या मोठ्याने म्हणायचा की सगळ्या ऑफिसला तेच तोंडात बसलं. दोघांच्या वाट्याच्या फेऱ्या तो एकटा मारायचा, आणि परत आला की न सांगता लिहायचा. माझ्या अडगळीत त्याच्या दोनशेच्या वर नोंदी आहेत. त्याचं लिहिणंही त्याच्या बोलण्यासारखंच. एका नोंदीत आहे: "हा व्हॉल्व्ह उघडताना डावीकडे उभं राहणारा माणूस भिजतो. मी भिजलोय. तुम्ही उजवीकडे उभे राहा." दुसऱ्या एकीत: "इथली वीज आणि इथला मुकादम, दोघांचाही भरवसा धरू नका. मुकादम निदान माफी मागतो." लोक अडगळीत एरवी पाऊल ठेवत नसत, पण त्याचं लिहिलेलं वाचत असत.

दोघांचे डबे एकाच पिशवीतून यायचे. पिशवी दादांच्या हातात. धाकटा स्वतःचा डबा उघडायच्या आधी दादांच्या डब्यात डोकावायचा, आणि दादा त्याच्याकडे न बघता डबा त्याच्या बाजूला सरकवायचे. हे मी अकरा वर्षं, म्हणजे दहा वर्षं, रोज पाहिलं.

गेल्या वर्षी धाकटा गेला. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि तिसऱ्या आठवड्यात संपलं. दादा सहाव्या दिवशी कामावर आले. त्यांच्याशी काय बोलायचं याची आम्ही सगळ्यांनी मनात तयारी करून ठेवली होती. त्यांनी कोणाला संधीच दिली नाही. आले, बसले, संगणक चालू केला. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन चुका शोधून दुरुस्त केल्या होत्या. शेजारची खुर्ची कोणी हलवली नाही आणि तिच्यावर कोणी बसलंही नाही. दादांचं काम तसूभरही बिघडलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याची भीतीच वाटली.

दोनेक महिन्यांनी त्यांच्या बायकोचा मला फोन आला. वहिनींची आणि माझी ऑफिसच्या एका कार्यक्रमातली ओळख. त्या म्हणाल्या, जेवतात, झोपतात, वेळेवर निघतात, कशाला नाही म्हणत नाहीत, पण घरात माणूस आहे असं वाटतच नाही. सासूबाई त्यांना समोर बसवून धाकट्याबद्दल काहीतरी विचारतात, ते "हं" म्हणतात आणि टीव्हीकडे बघतात. टीव्ही बंद असला तरी. "आणि डबा एकच नेतात," त्या म्हणाल्या, "पण चमचे दोन नेतात. मी एक काढून ठेवला तर शोधून परत ठेवला." लक्ष ठेवते म्हटलं आणि फोन ठेवला.

लक्ष ठेवण्याचं एकच साधन माझ्याकडे आहे. कोणती नोंद कोणी कधी उघडली याचा हिशोब अडगळीत आपोआप होत असतो. महिन्याच्या शेवटी तो चाळताना मला दिसलं की एक नोंद कामाच्या प्रत्येक दिवशी उघडली गेली आहे. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. दादांच्या संगणकावरून. आधीचे महिने पाहिले. धाकटा गेल्यानंतर दादा कामावर आले, त्या दिवसापासून एकही दिवस चुकलेला नव्हता.

मला वाटलं, धाकट्याच्या गमतीच्या नोंदींपैकी एखादी असेल. ती तशी नव्हती. पाच वाक्यांचीच होती:

"पंप चालू करायचं बटण दाबलं की भोंगा वाजतो. त्यानंतर चार मिनिटांनी पंप सुरू होतो. ही वेळ कमी करू नये. चार मिनिटं का, ते दादाला विचारा. त्याला माहीत आहे."

ही नोंद मला चांगली आठवत होती. मी नोकरीला लागल्यावर त्याने लिहिलेल्या पहिल्या काहींपैकी ती एक. तेव्हा मी नवी होते आणि अंगात जोर होता. कारणाची जागा अशी अर्धवट सोडलेली चालणार नाही, असं मी त्याला बजावलं होतं. तो हसला आणि म्हणाला, "ते माझं सांगायचं नाही." मला वाटलं, टाळतोय. म्हटलं, जाऊ दे, दादा काय तीन टेबलं पलीकडेच तर बसतात, विचारू कधीतरी. आणि दहा वर्षांत मी विचारलं नाही. दुसऱ्या कोणीही विचारलं नाही. लोकांनी लिहून ठेवावं म्हणून जी बाई पगार घेते, तिने ही एक गोष्ट "इथेच तर बसलेत" म्हणून सोडून दिली होती.

मी उठून दादांकडे गेले. दुसरी खुर्ची ओढून आणली, धाकट्याच्या खुर्चीवर बसवेना. रोज ती नोंद का उघडता, असं सरळ विचारलं.

दादा पडद्याकडे बघत होते. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"चार मिनिटं का ते."

मग तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. साइटच्या मोजमापांच्या कागदावर धाकट्याच्या अक्षरात चार मिनिटं लिहिलेली होती आणि त्यांनी ती न विचारता प्रोग्रॅममध्ये घातली होती. जुनी पत्रं काढून पाहिली होती. पाण्याचा दाब, पाइपची लांबी, मोटरचं तापमान, सगळ्याची गणितं पुन्हा करून पाहिली होती. कुठलंही गणित चार मिनिटांवर येत नव्हतं. पाण्याला चाळीस सेकंद पुरतात, मोटरला वीस. धाकट्याशी झालेलं एकेक बोलणं ते आठवून बघत होते आणि त्यात चार मिनिटं कुठेच नव्हती. "त्याने लिहिलंय की मला माहीत आहे," दादा म्हणाले. "म्हणजे असणार." आवाज नेहमीसारखाच होता, एखाद्या बिघाडाबद्दल सांगावं तसा. मी खुर्ची जागेवर ठेवली आणि तिथून निघाले.

पुढच्या महिन्यात आमच्या विभागाला नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. अडगळीला अडगळ न म्हणणारा तो पहिलाच. त्यांनी अडगळ झाडायला घेतली. प्रत्येक नोंद एकाच साच्यात हवी: अडचण, उपाय, कारण, कोणाला विचारावे. आणि नियम असा की ज्या गोष्टीचं कारण सांगता येत नाही ती प्रोग्रॅममधूनही काढायची. कोणीतरी कधीतरी घातलं म्हणून वर्षानुवर्षं ओझं वाहायचं नाही. मला हे पटलं होतं. मी स्वतःच हे अकरा वर्षं ओरडून सांगत होते.

चार मिनिटांची पाळी बैठकीत आली. पहिल्या पंप-केंद्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम पुढे जसाच्या तसा उचलून आम्ही एकेचाळीस ठिकाणी बसवला होता, त्यामुळे चार मिनिटंही एकेचाळीस ठिकाणी गेली होती. तक्रारीही तितक्याच ठिकाणाहून येत होत्या. सकाळी सगळ्यांना एकदम पाणी हवं असतं, आणि इथे बटण दाबून चार मिनिटं भोंगा ऐकत बसायचं. साहेबांनी नोंद मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "दादा म्हणजे तुम्हीच ना? सांगा."

दादा उभे राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती. "मला माहीत नाही," ते म्हणाले आणि खाली बसले. सगळ्यांनी आपापल्या वह्यांत डोकी घातली. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर कारण सापडलं नाही तर सगळीकडे चार मिनिटांचे चाळीस सेकंद करायचे आणि नोंद पुसायची. पुसायचं काम माझं.

धाकट्याने आपल्याबद्दल एक गोष्ट लिहून ठेवली आणि ती आपल्यामुळे खोटी ठरणार, एवढंच दादांना त्यात दिसत होतं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

मी म्हटलं, आपण त्या पहिल्या केंद्रावर जाऊ. जिथे सुरुवात झाली तिथे कोणाला तरी काही माहीत असेल. दादा म्हणाले, मी साइटवर जात नाही. मी समजावून पाहिलं, विनवून पाहिलं, मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ठीक आहे. मग महिनाअखेरीला मी ती नोंद पुसेन तेव्हा समोर बसून बघा." हे बोलायला नको होतं. पण ते उठले, पिशवी घेतली आणि दारापाशी जाऊन उभे राहिले.

कंपनीच्या गाडीने दोन तास लागले. दादा खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडे. केंद्र म्हणजे एका उतारावरची लांबट, पिवळी इमारत. आत तीन पंप, भिंतीवर बटणांचा फळा, खुर्चीवर घडी करून ठेवलेला पंचा, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं एक रोप. पंपचालक म्हातारे होते, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. त्यांनी आम्हाला सगळं फिरून दाखवलं. पंपांच्या मागे जमिनीत लोखंडी जाळी होती. ती त्यांनी उचलली. खाली खड्डा होता, तीन माणसं उभी राहतील एवढा, आणि ओल्या भिंतीला ठोकलेली सरळ उभी शिडी. पंप बंद असताना व्हॉल्व्ह तपासायला तिथे माणूस उतरतो, ते म्हणाले. वरून दिसत नाही कोणी आहे का ते.

दादा खड्ड्यापासून चार पावलं मागे उभे होते. एक हात भिंतीला टेकवलेला.

पंपचालकांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही ते शिडीवरचे ना?" ते म्हणाले.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं. चौदा वर्षांपूर्वी पंप नवीन बसत होते तेव्हा दोघं भाऊ मोजमाप घ्यायला खड्ड्यात उतरले होते. धाकटा अर्ध्या मिनिटात वर आला. दादा निम्म्या शिडीवर आले आणि थिजले. ना वर, ना खाली. दोन्ही हातांनी दांडा धरलेला, डोळे मिटलेले. मी दोर आणतो, असं पंपचालक म्हणाले तर धाकट्याने त्यांना हातानेच थांबवलं. तो खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला आणि गप्पा मारायला लागला. काहीही, लहानपणाच्या, शाळेच्या, कोणत्या तरी मास्तरांच्या. ओढलं नाही, चल म्हटलं नाही. मध्ये मध्ये घड्याळ बघत होता. दादा एकेक पायरी करत वर आले.

"मला वाटलं, तो वैतागून घड्याळ बघतोय," दादा म्हणाले.

"वैतागून कशाला?" पंपचालक म्हणाले. "मोजत होते ते. तुम्ही बाहेर जाऊन बसलात तेव्हा मला म्हणाले, तीन मिनिटं पन्नास सेकंद. आपण चार धरू. भोंगा वाजल्यावर खाली असेल त्या माणसाला जीव घाबरा न करता वर येता आलं पाहिजे, मग तो कसाही असो."

दादा पुढे झाले, खड्ड्याच्या काठाशी वाकून पायऱ्या मोजल्या. बावीस होत्या.

परत येताना अर्धा रस्ता मागे पडला. मग दादांनी आपणहून सांगितलं की त्या दिवशी गाडीत बसल्यावर ते धाकट्याला एकच वाक्य बोलले होते: हे ऑफिसात कोणाला सांगू नकोस. तो "बरं" म्हणाला होता. त्यानंतर साइटच्या सगळ्या फेऱ्या त्याने न बोलता स्वतःकडे घेतल्या, आणि दादांनीही न बोलता त्या त्याला घेऊ दिल्या. शिडी दादा कधी विसरले नव्हते. पण ती त्यांच्या लेखी नुसती लाजेची गोष्ट होती, आणि धाकट्याचं ते घड्याळ बघणं त्यांना चौदा वर्षं सलत होतं. चार मिनिटांशी तिचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. दादाला कळलंय, असं धाकट्याने धरलं असणार. आणि सांगायचं नाही ठरलं होतं, म्हणून नोंदीत कारणाच्या जागी त्याने ते लिहिलं नव्हतं.

"एकेचाळीस ठिकाणी आहे ना ते?" दादांनी विचारलं.

"एकेचाळीस."

"रोज?"

"रोज. काही ठिकाणी दिवसातून दोनदा."

दादांनी मान हलवली. चौदा वर्षं, एकेका ठिकाणी, पंप रोज दादांना वर येऊ द्यायला थांबत होते. हे माझ्या मनात आलं आणि त्यांच्याही आलं असणार. ते रडले नाहीत. मी मात्र खिडकीकडे तोंड करून रडले, आणि रागही आला, कोणाचा ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादांनी माझ्याकडे कोरा साचा मागितला. पाच ओळी लिहायला त्यांना सकाळ पुरली नाही. अडचण आणि उपाय त्यांनी धाकट्याच्याच शब्दांत ठेवले होते. पुढे होतं:

"कारण: पंपाजवळच्या खड्ड्यात माणूस असू शकतो आणि तो वरून दिसत नाही. शिडीला घाबरणाऱ्या माणसाला बावीस पायऱ्या चढायला तीन मिनिटं पन्नास सेकंद लागतात. हे माझ्या धाकट्या भावाने मोजलं. घाबरलेला माणूस मी होतो. जिथे खड्डा नाही तिथे वेळ कमी करावी, जिथे आहे तिथे करू नये.

कोणाला विचारावे: दादाला विचारा. त्याला माहीत आहे."

शेवटच्या जागी नियमाप्रमाणे पूर्ण नाव आणि कर्मचारी क्रमांक लागतो. मी ते मागितलं नाही. साहेबांनी नोंद दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं की एकेचाळीसांपैकी खड्डे किती ठिकाणी आहेत. दादा म्हणाले, नकाशांवर सगळे दाखवलेले नाहीत, जाऊन बघावं लागेल. कोण जाईल, साहेबांनी विचारलं. दादा म्हणाले, मी.

त्यानंतरच्या सोमवारी नऊ दहाला ती नोंद कोणी उघडली नाही. अकराच्या सुमारास उघडली गेली, दुसऱ्याच संगणकावरून. आमच्याकडे नुकतीच लागलेली एक इंजिनिअर मुलगी होती. थोड्या वेळाने ती दादांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. नोंद वाचली, ती म्हणाली, पण तीन मिनिटं पन्नास सेकंद म्हणजे जरा जास्तच वाटतात. शिडीवर नक्की काय झालं होतं?

दादांनी तिच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून शेजारची खुर्ची ओढली आणि तिला बस म्हणाले. ती बसली. दादा सांगायला लागले, आणि तीन टेबलं पलीकडे मला सगळं ऐकू येत होतं.